ब्रेड्समुळे डोकं खाजतंय? खाज कुठल्या दिवशी सुरू झाली ते आधी आठवा

गेल्या वर्षी गोव्यातल्या कार्निव्हलच्या आधी मी हौसेने डोकंभर बॉक्स ब्रेड्स करून घेतले, म्हणजे नकली केस मिसळून घातलेल्या सुट्या बारीक वेण्या. बीचवर चादर टाकून बसणाऱ्या एका बाईकडून, साडेचार तास, नकली केसांची चार पाकिटं, आणि वर मीच तिला दोनदा म्हटलं की मावशी जरा घट्ट बांध हां, माझे केस सुळसुळीत आहेत, लगेच सुटतील. घरी आले तर आजी दारातच, "कितें गो हें, माथ्यार सुंब बांदलां?" सगळे हसले, मी पण हसले, आणि रात्री उशीवर डोकं टेकवलं तेव्हा हसू गेलं. भुवया वर ओढल्यासारख्या, कानशिलं ठणकतायत, आणि दोन दिवसांनी मानेवर आणि कानामागे अशी खाज सुटली की ऑफिसात पेनाचं टोक वेण्यांच्या मधे घालून खाजवत बसायचे.

अकराव्या दिवशी रात्री वैतागून मी ते सगळे सोडवले, आणि तेही शॉवरखाली उभं राहून, ओल्या केसात, जोर लावून. मानेवरचा एक पुंजका असा घट्ट गुंतला की शेवटी कात्रीने कापून टाकावा लागला. आमची वहिनी म्हापशाला पार्लर चालवते, तिने दुसऱ्या दिवशी माझं डोकं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "ब्रेड्सनी नाही गं एवढे गेले, तू काल रात्री घालवलेस." मग तिच्याकडे बसून एकेक गोष्ट शिकून घेतली, यंदा परत केले, आणि यंदा खाज आली तेव्हा ती कसली हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरकडे जायचं आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलंय, ते टाळू नका.

खाज कधी आणि कुठे

सगळ्यांना वाटतं खाज म्हणजे खाज, तेल लावलं की जाईल. पण ब्रेड्समधली खाज चार-पाच वेगळ्या कारणांनी येते आणि एकीचा उपाय दुसरीला वाढवतो, म्हणून आधी दिवस मोजा.

पहिल्याच रात्री सुरू झाली, आणि खाजेपेक्षा ठणकाच जास्त आहे, तर ती ओढ आहे. आरशासमोर उभं राहून भुवया वर-खाली करा, कपाळ नीट हलत नसेल किंवा वेणीच्या मुळाशी कातडी तंबूसारखी वर उचललेली दिसत असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही. एक-दोन दिवसांनी तिथेच मुळाला बारीक पांढऱ्या-लाल पुटकुळ्या येतात. डोकेदुखीची गोळी घेऊन "सवय होईल" म्हणत बसायचं नाही, गोळी लागतेय म्हणजेच वेण्या घट्ट आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाली आणि डोक्याबरोबर मान, कानामागची जागा, खांदे, पाठीचा वरचा भाग, म्हणजे जिथे जिथे वेण्या लोंबून घासतात तिथे सगळीकडे खाजतंय, तर दोष त्या नकली केसांचा. हे केस बहुतेक करून कानेकालॉन नाहीतर तसल्याच कुठल्यातरी सिंथेटिक धाग्याचे असतात (कानेकालॉन म्हणजे जपानच्या कानेका कंपनीचा मोडअ‍ॅक्रिलिक धागा), आणि कारखान्यात त्यांच्यावर काहीबाही प्रक्रिया होते, त्याचा थर धाग्यावर राहतो, घाम आला की तो थर कातडीला लागतो आणि काहींना तो अजिबात सोसत नाही. गंमत बघा, आपल्या तिरुपतीला वाहिलेले खरे केस लिलाव होऊन देशोदेशी विकले जातात आणि आपल्या डोक्यात बीचवर बसून प्लास्टिक घालून घेतो आपण! खाज फक्त कपाळाच्या कडेलाच असेल तर मात्र केस चापून बसवायला लावलेल्या जेलवर संशय घ्या, त्यातल्या सुगंधाची आणि प्रिझर्वेटिव्हची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते.

पहिले दहा-बारा दिवस छान गेले आणि मग खाज आली, भांगांच्या रेषांत पिवळसर-पांढरे चिकट पापुद्रे दिसतात, तर तो कोंडा, अधिक साचलेला घाम. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलसेझिया नावाची यीस्ट राहते, ती कातडीतून सुटणाऱ्या तेलावर जगते, आणि गोव्यातली दमट हवा, वरून हेल्मेट, वरून आठ-आठ दिवस न धुतलेलं डोकं म्हणजे तिची चैनच. इथेच आपण सगळ्या चुकतो, खाज आली की खोबरेल ओततो. खोबरेल केसाच्या काडीसाठी उत्तमच, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, पण कोंडा झालेल्या कातडीवर ते म्हणजे त्या यीस्टला वाढलेलं ताट. माझ्या आजीला हे पटवायला मला दोन महिने लागले आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही.

आणि कानामागे आणि मानेच्या वळणावरच खाज, घरात शाळेत जाणारं पोर, तर लाज न बाळगता कोणाकडून तरी उवा बघून घ्या. वेण्यांच्या मुळाशी लिखा छान लपतात. पार्लरमधे वहिनीला असं दर महिन्याला एक तरी सापडतं, आणि ते बाईला कसं सांगायचं हाच तिचा मोठा प्रश्न असतो.

आज रात्रीपुरतं काय करायचं

नखं बंद. ब्रेड्समधे खाजवलं की मुळं हलतात, कातडी सोलते, आणि घाणेरड्या नखांनी सोललेल्या जागी पू व्हायला वेळ लागत नाही. अगदी राहवत नसेल तर बोटांच्या पेरांनी हलकं थोपटा, किंवा गार पाण्यात बुडवून पिळलेला सुती रुमाल पाच-दहा मिनिटं दाबून धरा.

ओढ असेल तर आजच पुढची पहिली ओळ सोडवा, कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेची. तिथले केस सगळ्यात बारीक आणि नाजूक असतात आणि आधी तेच जातात. पैसे फुकट गेले असं वाटेल, मलाही वाटलं होतं, पण पुढच्या सात-आठ वेण्या काढल्या तरी मागच्या तशाच राहतात आणि पुढे सुटे केस बरे दिसतात. राहिलेल्या वेण्या वर अंबाड्यात किंवा उंच पोनीत बांधायच्या नाहीत. माझ्या वेण्यांचं वजन मी नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, सुक्या असताना ३८० ग्रॅम! एवढं वजन डोक्यावर एकाच जागी बांधून दिवसभर फिरायचं म्हणजे कपाळाच्या केसांनी किती ओढून धरायचं.

कातडी फुटलेली नसेल तर ताज्या कोरफडीचा गर, पानातून निघणारा पिवळा चीक पूर्ण धुऊन टाकून, बोटाने भांगाच्या रेषांत लावता येतो, पण आधी कोपराच्या आत लावून बघा, कोरफडीनेही पुरळ येणारे लोक असतात. टी ट्री ऑइल बाटलीतून थेट डोक्यावर नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, खाजवून ओरबाडलेल्या कातडीवर हे सगळं नुसती आग आहे. आणि फार्मसीत "खाजेवर द्या काहीतरी" म्हटलं की स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र असलेली जी ट्यूब देतात ती तर अजिबात नको. दोन दिवस जादू झाल्यासारखं वाटतं, पण ते गजकर्ण निघालं तर दबून आतल्या आत पसरतं आणि मग महिनोन् महिने हटत नाही. खाजेमुळे झोपच येत नसेल तर सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी बरेच डॉक्टर देतात, तुमच्या इतर गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर विचारूनच घ्या, आणि ती घेऊन स्कूटर चालवू नका, झापड येते.

चोवीस तासांत आराम नाही आणि खाज सगळीकडे, वेण्या घासतात तिथे लाल चट्टे, तर त्या केसांचीच अ‍ॅलर्जी आहे असं समजा आणि सगळे काढा. वर कितीही स्प्रे मारा, कारण डोक्यावर बसलेलंच आहे तोवर थांबणार नाही.

ब्रेड्स असताना डोकं धुणं

धुवायचं असतं, हे आधी मान्य करा. "धुतले तर सुटतील" म्हणून महिना महिना न धुणाऱ्या मुली मी बघितल्यात, जवळ बसवत नाही. आपल्या हवेत दर पाच ते सात दिवसांनी एकदा तरी.

सकाळी धुवा, सुट्टीच्या दिवशी, ऊन असेल तेव्हा. केसांना मेंदी लावायला मिळते तसली लांब नळीच्या तोंडाची बाटली घ्या (सॉसची स्वस्तातली प्लास्टिकची बाटली पण चालते), तिच्यात एक भाग शॅम्पू आणि चार-पाच भाग पाणी. बाटलीचं तोंड भांगाच्या रेषेवर टेकवून एकेक रेष भिजवत जायचं आणि बोटांच्या पेरांनी वर-खाली हलकं चोळायचं, गोल गोल नाही, गोल चोळलं की मुळाशी गुंता होतो. वेण्यांच्या लांबीला वेगळा शॅम्पू लागत नाही, वरून फेस उतरतो तेवढा पुरे. मग भरपूर पाणी, तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ, कारण मुळाशी राहिलेला शॅम्पू वाळला की पुढच्या आठवड्याची खाज तीच.

कोंडाच असेल तर दोन टक्के केटोकोनाझोलचा शॅम्पू फार्मसीत मिळतो, आठवड्यातून दोनदा, भांगांत लावून तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असं दोन ते चार आठवडे. लावला आणि लगेच धुतला तर पैसे मोरीत, ती पाच मिनिटंच कामाची. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आधी विचारावं.

धुण्यापेक्षा वाळवणं अवघड. जुन्या सुती टी-शर्टमधे किंवा पंच्यात वेण्या चार-चार करून पिळा, घासू नका, आणि मग उन्हात-वाऱ्यात. वरून सुक्या लागतात पण मुळाशी हात घालून बघा, तासभर नंतर पण ओलं असतं. ड्रायर असेल तर गार हवेवर, गरम हवेने सिंथेटिक केस आखडतात आणि वितळतात सुद्धा. ओल्या वेण्या बांधून झोपायचं नाही, दोनदा तसं केलं की डोक्याला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागतो. याच कारणासाठी वहिनी जून ते सप्टेंबर कोणाचेच ब्रेड्स करत नाही, लग्न असो की वाढदिवस, पावसात वाळत नाहीत, त्यात नेमकी लाईट जाते आणि मग ड्रायर पण नाही.

समुद्रात उतरलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने मुळं धुवा. मीठ आणि वाळू मुळाशी बसली की रात्री वाटतं डोक्यावर मुंग्या सोडल्यात. आणि हेल्मेट. आपल्यापैकी नव्वद टक्के जणी ऑफिसला स्कूटरवरच जातात असं मला वाटतं, आणि ब्रेड्सवर हेल्मेट बसत नाही म्हणून ते हँडलला लटकवून जातात, तो मूर्खपणा करू नका. वेण्या मानेजवळ सैल बांधून पाठीवर सोडायच्या, आतून पातळ सुती स्कार्फ, आणि पोचल्या पोचल्या हेल्मेट काढून पाच मिनिटं डोक्याला वारा. स्कार्फ रोजचा रोज धुवायचा. ब्रेड्स इतके जाड केले की हेल्मेटचा पट्टाच लागत नाही, असं असेल तर करतानाच कमी पाकिटं घ्यायला हवी होती, काही काढून टाका.

उशीला सॅटिनचा अभ्रा शिवून घ्या, विकत नको, जुना सॅटिनचा परकर असेल तर त्याचाच होतो. सुती अभ्र्यावर कडेचे केस रात्रभर घासतात.

डॉक्टर कधी

पू, पिवळी खपली, कातडीतून पाणी येणं, ताप, मानेत किंवा कानामागे गाठी, डोळे किंवा चेहरा सुजणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी. श्वासाला त्रास किंवा ओठ-जीभ सुजली तर सरळ इमर्जन्सीत. नाण्याएवढं गोल टक्कल, त्यावर कोंडा आणि मुळाशी तुटलेले काळे ठिपके, हे विशेषतः मुलांमधे, ते गजकर्ण असू शकतं आणि डोक्यातलं गजकर्ण नुसत्या शॅम्पूने जात नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. आणि कपाळाची रेषा मागे गेल्यासारखी वाटत असेल तर. त्वचारोगतज्ज्ञ म्हापसा, मडगाव, फोंड्याला आहेत, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसी) त्वचेचा विभाग आहे, सकाळी लवकर जा. जाताना नकली केसांचं पाकीट आणि जेलची डबी सोबत न्या, डॉक्टरला शोधायला सोपं जातं.

ते रेषा मागे जाण्याचं जरा सांगते, कारण ते सगळ्यात उशिरा कळतं. याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, म्हणजे सततच्या ओढीने केस जाणं. १९०७ मधे पहिल्यांदा ग्रीनलंडमधल्या बायकांमधे याची नोंद झाली, त्या केस वर घट्ट बांधायच्या. म्हणजे हे नवीन फॅशनचं दुखणं नाहीच, आमच्या घरात जुन्या फोटोंत घट्ट अंबाडा घालणाऱ्या दोन आज्यांचे कानशिलावरचे केस असेच विरळ दिसतात. ओळखायची खूण अशी की अगदी पुढे कडेला बारीक लव शिल्लक राहते आणि तिच्या मागे रिकामी पट्टी दिसते. लवकर ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं आणि कातडी गुळगुळीत चकचकीत होऊन छिद्रंच दिसेनाशी झाली, तर मग येत नाहीत.

सोडवणं, आणि इथे घाई नको

जास्तीत जास्त सहा आठवडे. आपले केस सरळ, सुळसुळीत आणि बारीक असतील तर चारच, कारण केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, वेणी मुळापासून खाली सरकते आणि मग ती त्या पातळ भागावर लोंबायला लागते.

पूर्ण संध्याकाळ मोकळी ठेवा, तीन ते पाच तास लागतात, आणि मागच्या बाजूला कोणीतरी हवंच. लागेल काय: बोथट टोकाची कात्री, लांब शेपटीचा कंगवा, मोठ्या दातांचा कंगवा, साधा स्वस्त कंडिशनर बाटलीभर, चिमटे, आणि सिरियल.

पहिली गोष्ट, केस कोरडे. माझी चूक हीच होती. महिनाभरात प्रत्येक वेणीच्या मुळाशी, जिथे नकली केस सुरू होतात तिथे, एक राखाडी कडं जमतं, घाम, धूळ, कपड्याचे तंतू, शॅम्पूचा अंश आणि गळलेले केस यांचं. ते जवळून बघा एकदा, पावसाळ्यात पाठीवरच्या बॅगेच्या चेनमधे अडकते ना तसली मऊ लोकर. ह्या कड्यावर पाणी पडलं आणि वरून चोळलं की त्याचा नमदा होतो, आणि नमदा सुटत नाही, कापावा लागतो.

तर आधी ठरवा तुमचे स्वतःचे केस वेणीत कुठपर्यंत आहेत. वेणी चिमटीत धरून खाली सरकत जा, जिथे ती एकदम हलकी, पोकळ लागते तिथे तुमचा केस संपला. त्याच्याही खाली चार बोटं सोडून कापा. शंका असेल तर आणखी खाली. करायच्या आधी मोकळ्या केसांचा मागून फोटो काढून ठेवला असेल तर फार उपयोग होतो, केस खांद्याला होते की ब्लाउजच्या गळ्याला हे तेव्हा बरोब्बर आठवत नाही.

मग टोकाकडून उलगडत वर या, कंगव्याच्या शेपटीने एकेक पेड मोकळा करत. मुळापाशी आलात की थांबा. त्या राखाडी कड्यावर बोटाने कंडिशनर लावा, पाणी नाही, दोन मिनिटं जाऊ द्या, आणि कडं दोन्ही हातांच्या बोटांनी आडवं फाडल्यासारखं उसवा, कापूस पिंजतात तसं. ओढायचं नाही. नकली केस हाताने अलगद निसटतात, तुमचे तिथेच राहतात. मग बोटांनी तेवढाच भाग मोकळा करा, मग मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर, आणि तो भाग पिळून चिमट्यात अडकवा म्हणजे शेजारच्यात गुंतणार नाही. मग पुढची वेणी. हात भरून आले की उठा, चहा घ्या, उद्या सकाळी पुढे करा, अर्धं डोकं वेण्या अर्धं मोकळं असं एक दिवस घरात बसलं तर काही बिघडत नाही.

आणि आता ते केस, जे तुमच्या मांडीवर पडतील. मी पहिल्यांदा तो ढीग बघून रडले होते. पण हिशोब करा, माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, वेणीत असताना ते खाली पडू शकत नाहीत, म्हणजे सहा आठवड्यांचे दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत केस एकाच संध्याकाळी हातात येणार. ढीग किती आहे यापेक्षा त्यातले दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पूर्ण लांब आणि एका टोकाला बारीक पांढरा ठिपका, तर तो आपोआप गळलेला. आखूड, दोन्ही टोकं नुसतीच, ठिपका नाही, तर तो तुटलेला. तुटलेलेच जास्त असतील तर करतानाचा ताण किंवा सोडवतानाची घाई, दोन्हीपैकी एक नडली.

सगळं डोकं विंचरून झाल्यावरच पाणी. शॅम्पू दोनदा, आणि कंडिशनर लांबीला लावून पाच-दहा मिनिटं. टोकं एक-दोन बोटं कापून घ्या.

नंतरचा महिना

काही नाही करायचं, हेच करायचं. रंग नाही, स्मूदनिंग नाही, रिबॉन्डिंग तर नाहीच, इस्त्री नाही. सैल वेणी किंवा क्लच. खोबरेल आता लावा, धुण्याच्या आदल्या रात्री, पण लांबीला, कोंडा असेल तर मुळाला नाही. भांग रोज जरा जरा बदला. जितके आठवडे ब्रेड्स होते निदान तितके आठवडे केस मोकळे राहू देत. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, कानशिलाचा फोटो काढा, नुसत्या आरशात कळत नाही. चार महिन्यांत तिथे आखूड, उभे राहणारे नवे केस दिसायला हवेत, नाही दिसले तर डॉक्टर.

बायोटिनच्या गोळ्या सगळेच सुचवतात. शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा फायदा होतो असा भरवसा नाही, वर थायरॉइडच्या काही रक्त तपासण्यांचे आकडे त्या चुकवतात, त्यामुळे घेत असाल तर तपासणीआधी सांगा. हिमोग्लोबिन तपासून घेणं जास्त उपयोगाचं.

परत करायचेच असतील तर

केसांना रंग, ब्लीच किंवा रिबॉन्डिंग केलं असेल तर यंदा राहू द्या. डोक्यात कोंडा किंवा पुरळ असताना तर नाहीच.

नकली केस आधी धुवायचे. जगभर बायका अ‍ॅपल सायडर व्हिनेगर वापरतात, ते महाग, आपल्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर असताना कशाला? आम्लच हवंय ना. बादलीत एक भाग व्हिनेगर, चार भाग कोमट पाणी, पाकिटाचे रबर न काढता केस अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. पाण्यावर दुधाळ तवंग आला तर समजा तो थर निघतोय, नाही आला तरी धुवाच. मग साध्या पाण्यात दोनदा खळबळून दोरीवर वाळत घाला. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं व्हिनेगर वापरलं, पण त्या खुल्या बाटल्यांत ते किती कडक आहे कळत नाही, लेबलवालं घेतलेलं बरं. रात्रभर घरभर सोरपोतेलचा (व्हिनेगर घालून करतात त्या पोर्कच्या रश्शाचा) वास, आणि दोरीवर लोंबणारे केस बघून शेजारच्या काकूंनी देवाचं नाव घेतलं! वाळल्यावर वास जातो. मग त्यातली एक बट मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने दोन दिवस बांधून ठेवा, लाल झालं तर ते पाकीट तुमच्यासाठी नाही.

धुऊन सगळंच निघतं असं मात्र नाही. २०२५ मधे अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने नकली ब्रेडिंग केसांची १० उत्पादनं तपासली, दहाही नमुन्यांत कर्करोगाशी संबंधित रसायनं सापडली आणि ९ मधे शिसं. म्हणून मी वर्षात एकदाच करते, आणि पाकिटं चारच्या जागी दोन.

करून घेताना नॉटलेस सांगा, म्हणजे सुरुवात स्वतःच्या केसाने आणि नकली केस हळूहळू मिळवत जायचं, मुळाशी गाठ नाही आणि वजन कमी पडतं. कडेचे केस बाहेर सोडायला सांगा. वेण्या बारीक असतील तर त्या लांब नकोत, लांब हव्या असतील तर जाड करा. आणि करतानाच दुखलं तर तिथेच सांगा, मावशी सैल कर. बहुतेक जणी लगेच सोडून परत करतात, त्यांचा हात चांगला असतो, आपणच पैसे वसूल व्हायला घट्ट मागतो.

लहान मुलींचे पूर्ण डोक्याचे ब्रेड्स मला पटत नाहीत, त्यांना दुखतंय हे सांगता येत नाही आणि फोटोसाठी आई गप्प बसवते. रंगीत दोऱ्याची एखादी सुटी वेणी करा, संध्याकाळी काढा. माझ्या भाचीला शिगम्याच्या वेळी अख्खं डोकं करायचं होतं, वहिनीने तिला कानामागे दोनच वेण्या घालून दिल्या आणि वरून अबोलीची फाती (गजरा) माळली, रात्री झोपायच्या आधी फाती देवापुढे आणि वेण्या सोडून कंगव्यात.